मुंबई ते न्यूयॉर्क: जाताना सोळा तास, येताना साडेचौदा, असं का?

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब, असं इंटरनेटवर विचारलं की उत्तर येतं साडेबारा हजार किलोमीटर. मोठ्या प्रवासी विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. भागाकार केला की चौदा तासांच्या जरा आतच उत्तर येतं. थेट विमानाच्या तिकिटावर मात्र जाताना साधारण सोळा तास लिहिलेले असतात आणि येताना साडेचौदा. दोन्ही आकडे भागाकारापेक्षा मोठे, शिवाय त्याच दोन गावांमध्ये जाण्यायेण्यात दीड तासाचा फरक. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेल्या आईबाबांपासून त्यांना घ्यायला येणाऱ्या जावयापर्यंत सगळ्यांचं या आकड्यांशी काम पडतं, आणि तरीही ते कुठून येतात हे सहसा कुणी सांगत नाही.

थोडक्यात सांगायचं तर साडेबारा हजार हा जमिनीवरचा आकडा आहे. प्रवासाची वेळ जमिनीवर ठरत नाही. ती ठरते वाऱ्यावर, विमानाच्या वजनावर आणि कोणत्या देशाने आपलं आकाश कुणासाठी उघडं ठेवलंय यावर. हे सगळं एकेक करून पाहू.

आधी साडेबारा हजार येतात कुठून ते. मुंबईचा विमानतळ आहे १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि जवळजवळ ७३ अंश पूर्व रेखांशावर. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ साडेचाळीस अंश उत्तरेच्या थोडा वर आणि जवळजवळ ७४ अंश पश्चिमेला. या दोन्ही ठिकाणांहून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत रेषा ओढल्या, तर त्यांच्यामध्ये साधारण ११२.७ अंशांचा कोन होतो. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याचे ३६० भाग केले की एका अंशाच्या वाट्याला १११ किलोमीटर आणि वर थोडे येतात. गुणाकार करा, उत्तर येतं १२,५३०. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे नेमक्या हिशेबात यात वीसेक किलोमीटरची भर पडते. जगातल्या कुठल्याही दोन शहरांमधलं हवाई अंतर असंच काढतात. त्यात डोंगर, समुद्र, सरहद्दी, काहीच धरलेलं नसतं.

आता शाळेच्या भिंतीवर असायचा तो सपाट नकाशा डोळ्यांसमोर आणा आणि त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टीने रेघ मारा. ती अरबी समुद्र ओलांडून सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिकमध्ये उतरेल आणि थेट अमेरिकेच्या किनाऱ्याला लागेल. डोळ्यांना हाच सगळ्यात जवळचा रस्ता वाटतो. पण गोल पृथ्वीवर ही रेघ मोजली तर ती भरते सुमारे १४,२०० किलोमीटर, म्हणजे खऱ्या जवळच्या वाटेपेक्षा दीड हजार किलोमीटरहून जास्त. नकाशा सपाट करताना ध्रुवांकडचा भाग ताणून रुंद करावा लागतो. त्यामुळे उत्तरेकडची खरोखर लहान असलेली अंतरं नकाशावर लांबलचक दिसतात.

खरी जवळची वाट बघायची असेल तर पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. मुंबईहून तो निघतो तो सिंधवरून, अफगाणिस्तानवरून, तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटावरून. पुढे पश्चिम कझाकस्तान, रशियातलं सारातोव, आणि मग जवळजवळ मॉस्कोच्याच डोक्यावरून फिनलंडच्या दक्षिण टोकाकडे. स्वीडन, नॉर्वे झाले की समुद्र, मग आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडचं खालचं टोक, कॅनडाचं लॅब्रॅडोर, अमेरिकेचं मेन राज्य आणि शेवटी न्यूयॉर्क. मुंबई आणि न्यूयॉर्क दोन्ही बऱ्यापैकी दक्षिणेला असताना ही वाट मध्ये जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते. घरी बसून फोनवर विमानाचा माग काढणाऱ्यांना ती वाकडी रेघ बघून वाटतं की विमान उगाच बर्फाळ प्रदेशातून लांबून चाललंय. वाकडा आहे तो नकाशा. रेघ सरळच असते.

ही झाली भूमितीतली वाट. प्रत्यक्षात विमान या दोऱ्यावरून जाईलच असं नाही, कारण आकाशाला मालक आहेत. १९४४ च्या शिकागो करारात प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर सार्वभौम सत्ता असल्याचं मान्य केलं गेलं. कुणाच्या आकाशातून जायचं तर त्याची परवानगी लागते आणि त्यासाठी बहुतेक देश शुल्कही आकारतात. आणि आपला दोरा नेमका जातो तो सिंध, अफगाणिस्तान आणि रशियावरून. गेल्या काही वर्षांत जिथलं आकाश सगळ्यात जास्त अडलं, त्याच भागांवरून.

बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद राहिलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली. भारतानेही ३० एप्रिलला तेच केलं, आणि पुढे ही मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. यात दिल्लीचे हाल मुंबईपेक्षा कितीतरी जास्त झाले. दिल्लीहून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात सरहद्द येते, त्यामुळे विमानाला आधी राजस्थान-गुजरातकडे खाली यावं लागतं आणि मग समुद्रावरून पश्चिमेला वळावं लागतं. उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना तर व्हिएन्नासारख्या युरोपातल्या शहरात थांबून इंधन भरावं लागलं. मुंबईला समोर अरबी समुद्र आहे. मुंबई, मस्कत, इस्तंबूल, न्यूयॉर्क असं सरळ तुकड्यांनी मोजलं तर अंतर भरतं जवळजवळ १३,००० किलोमीटर. म्हणजे जवळच्या वाटेपेक्षा साडेचारशे किलोमीटर जास्त, फार तर अर्ध्या तासाचा फेरा. मध्ये इराण-इराकच्या आकाशात तणाव असेल तर हाच फेरा आणखी वाढतो.

रशियाची गोष्ट वेगळी. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपीय संघ, कॅनडा आणि अमेरिकेने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं. रशियानेही त्यांच्या विमानांना बंद केलं. भारत या बंदीत नव्हता, म्हणून भारतीय विमानांना रशियाची वाट खुली राहिली. यातून अशी स्थिती आली की त्याच दोन शहरांमध्ये, त्याच दिवशी, अमेरिकी कंपनीचं विमान एका वाटेने आणि भारतीय कंपनीचं दुसऱ्या वाटेने जाऊ शकतं. ‘या दोन शहरांत विमानाने किती तास लागतात’ या प्रश्नाला एकच उत्तर देणं अशा वेळी शक्यच नसतं. विमान कोणत्या देशात नोंदलेलं आहे, हे आधी विचारावं लागतं.

अटलांटिक महासागरावरही विमानाला मनाप्रमाणे जाता येत नाही. तिथल्या मोठ्या पट्ट्यात जमिनीवरच्या रडारचा आवाका संपतो, आणि गर्दी मात्र प्रचंड. म्हणून कॅनडातलं गँडर आणि ब्रिटन-आयर्लंड बाजूचं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं रोजचा वारा पाहून समुद्रावर समांतर वाटा आखून देतात. दिवसाच्या वाटा युरोपकडून अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी, रात्रीच्या उलट दिशेच्या. या वाटा रोज बदलतात, त्यामुळे कालचं विमान ग्रीनलंडच्या टोकाजवळून गेलं आणि आजचं खूप खालून, असं सहज होतं. दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक बंधन असतं. एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ वाटेत कायम टप्प्यात असावा लागतो.

आता वारा. तासांचं गणित सगळ्यात जास्त फिरवतो तो हाच, म्हणून इथे जरा थांबू.

विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग जमिनीच्या नव्हे, भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या कृष्णेत नावाडी तेवढ्याच जोराने वल्ही मारतो, पण प्रवाहाबरोबर जाताना काठावरची झाडं भराभर मागे पडतात आणि प्रवाहाविरुद्ध येताना तोच घाट लवकर सरत नाही. विमानाचंही तसंच. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान झोत वाहत असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण त्यांनी आपला अहवाल एस्पेरान्तो भाषेत छापला आणि जपानबाहेर त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना हे वारे आडवे आले, तेव्हा सगळ्यांना त्यांची जाणीव झाली.

मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना विमान बराच वेळ या वाऱ्याच्या तोंडाला असतं. येताना वारा पाठीशी असतो. हिशेब करून पाहू. प्रत्यक्ष वाट १३,००० किलोमीटर धरा आणि सगळ्या प्रवासाचा सरासरी वारा ताशी ५० किलोमीटर. जाताना जमिनीवरचा वेग उरतो ८५०, वेळ लागतो सव्वापंधरा तासांच्या थोडा वर. येताना वेग होतो ९५०, वेळ लागतो पावणेचौदा तासांच्या थोडा आत. फरक बरोबर दीड तासाच्या आसपास. वाटेत ताशी ३०० किलोमीटरचे झोत असताना सरासरी ५० च धरली, कारण विमान सगळा वेळ त्या झोतात नसतं. जाताना वाट आखणारे ते झोत टाळून जातात, आणि येताना मुद्दाम शोधून त्यांत शिरतात.

यात एक बारीक गोष्ट लपलेली आहे. जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो, असं वाटतं, पण तो पूर्ण भरून निघत नाही. वारा जितका जोराचा तितकं जाण्यायेण्याचं मिळून नुकसानच होतं. ताशी १०० किलोमीटरचा वारा आणि साडेबारा हजारांची वाट घ्या. वारा नसता तर जाऊन-येऊन पावणेअठ्ठावीस तास लागले असते. वाऱ्यामुळे लागतात अठ्ठावीस तासांपेक्षा थोडे जास्त. कारण साधं आहे, समोरच्या वाऱ्यात विमान जास्त तास अडकलेलं असतं आणि पाठीशी वारा असताना कमी तास.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्क आपल्याकडेच सरकत येतं, मग पश्चिमेला जाताना वेळ कमी लागायला हवा, असा प्रश्न शाळकरी मुलं हमखास विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं. मुंबईत उभं असलेलं विमान मुळात स्थिर नसतंच. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला फिरते आहे. तिच्याबरोबर आपणही फिरतो, धावपट्टीवरचं विमानही फिरतं आणि वरची हवाही फिरते. विमानाने जमीन सोडली म्हणून तो वेग त्याला सोडून जात नाही. तसं असतं तर हेलिकॉप्टरने जुहूवर नुसतं अधांतरी राहायचं आणि थोड्या वेळाने पश्चिमेकडचा एखादा देश खाली आला की उतरायचं, एवढंच काम उरलं असतं.

पण पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासावर अजिबात परिणाम होत नाही, असंही म्हणता येत नाही. तो होतो वाऱ्याच्या आडून. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते आणि ध्रुवांकडे निघते. विषुववृत्तावर जमिनीचा वेग सगळ्यात जास्त, ताशी सुमारे १,६७० किलोमीटर. उत्तरेला सरकत जावं तसा तो कमी होतो. न्यूयॉर्कच्या अक्षांशावर तो साधारण १,२७० च आहे. दक्षिणेकडून आलेली हवा आपला पूर्वेकडचा वेग घेऊन येते, खालची जमीन तिच्यापेक्षा हळू फिरत असते, म्हणून ती हवा जमिनीच्या पुढे धावू लागते. जमिनीवरून पाहणाऱ्याला तो पश्चिमेकडून येणारा जोराचा वारा वाटतो. याच्याही उत्तरेला थंड ध्रुवीय हवा आणि उबदार हवा एकमेकींना भिडतात तिथे दुसरा झोत तयार होतो. हिवाळ्यात तापमानातली ही तफावत वाढते आणि वारेही वाढतात. म्हणून जानेवारीत अमेरिकेला जाणारं विमान जुलैतल्या विमानापेक्षा जास्त रेंगाळताना दिसतं. पृथ्वीच्या फिरण्याने पश्चिमेला जाणाऱ्याचा वेळ वाचत नाही, उलट वाढतो.

वारा काय करू शकतो याची दोन उदाहरणं मला फार आवडतात. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘कियारा’ वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी याला साडेसहा तास सहज लागतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, पण हवेच्या हिशेबाने ते नेहमीसारखंच उडत होतं. आकडा बघून कुणी म्हणेल की त्याने ध्वनीचा वेग ओलांडला, तर तसं झालं नव्हतं.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेला, अटलांटिकच्या वाटेने जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी विमान उलट्या दिशेने, चीन-जपानकडून पॅसिफिक ओलांडून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला. चौदाशे किलोमीटर जास्त उडून विमान आधी पोहोचलं, कारण सगळा प्रवास वाऱ्याबरोबर होता. येताना ते अटलांटिककडून यायचं, म्हणजे तेव्हाही पूर्वेकडेच. जाऊन-येऊन अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा. न्यूयॉर्कला ही युक्ती चालत नाही. सॅन फ्रान्सिस्को भारताच्या जवळजवळ पाठीमागे आहे, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंनी जाता येतं. मुंबईहून त्याच दोऱ्याच्या उलट बाजूने न्यूयॉर्क गाठायचं तर साडेसत्तावीस हजार किलोमीटर उडावं लागेल, आणि तेवढं एका दमात उडणारं प्रवासी विमान आज सेवेत नाही.

याचं कारण वजन. बोइंग ७७७-३००ईआर हे विमान जास्तीत जास्त ३५१ टन वजन घेऊन उडू शकतं. त्याच्या टाक्या पूर्ण भरल्या तर नुसतं इंधनच १४५ टनांच्या आसपास होतं. माणसं आणि सामान यांच्यापेक्षा इंधन कितीतरी जास्त. आणि लांबच्या प्रवासात बरंच इंधन उरलेलं इंधन वाहून नेण्यातच जळतं. शिवाय ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं आणि वर आणखी अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं इंधन राखून ठेवणं बंधनकारक असतं. म्हणून वारा फार जोराचा असेल किंवा फेरा लांबला असेल, तर कंपन्या कधी काही जागा रिकाम्या ठेवतात, कधी माल कमी घेतात. सुरुवातीला विमान इतकं जड असतं की फार उंच चढूच शकत नाही. समोरच्या पडद्यावर लक्ष ठेवलंत तर आधी ३०-३१ हजार फूट दिसतील, काही तासांनी इंधन जळून विमान हलकं झालं की ३५, मग ३७ हजार.

थेट उड्डाण इतकं उशिरा शक्य झालं ते याचमुळे. एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली मे १९६० मध्ये, बोइंग ७०७ ने, लंडनमार्गे. मुंबईहून कुठेही न थांबता न्यूयॉर्कला जाणारं तिचं विमान आलं थेट ऑगस्ट २००७ मध्ये, ७७७-२००एलआर हे खास लांब पल्ल्याचं विमान हाती आल्यावर. वेगात या दोन विमानांमध्ये फार फरक नाही. ४७ वर्षांत बदलला तो एका दमात किती लांब जाता येतं हा आकडा.

तिकिटावरच्या तासांत आणखी एक भर असते. ते तास मोजले जातात विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंत. मुंबईत धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, केनेडीला उतरल्यावर गेट रिकामं होण्याची वाट पाहणं, हे सगळं त्यात येतं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, तेही येतं. वर कंपन्या थोडी मोकळीक धरून ठेवतात. म्हणून विमान अर्धा तास उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचलं, असं कित्येकदा होतं.

आता थेट जायचं की मध्ये थांबून, हा प्रत्येक घरात होणारा वाद. इथे किलोमीटरांचा हिशेब बहुतेकांना चकित करतो. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०००. बेरीज १२,९३०. लंडनमार्गे गेलात तर ७,२१० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७५०. थेट वाटेपेक्षा लंडनमार्गे फक्त दोनशे किलोमीटर जास्त. मध्ये थांबल्याने रस्ता लांबत नाही, वेळ जातो तो विमानतळावर बसण्यात. तीन तासांचा थांबा असेल तर एकूण प्रवास वीस तासांच्या आसपास, नऊ तासांचा असेल तर पंचवीसच्या पुढे. गुडघे दुखणाऱ्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आईवडिलांसाठी तिकीट काढताना मी तरी अंतराकडे बघणार नाही. मधला थांबा किती तासांचा, टर्मिनल बदलावं लागतं का आणि व्हीलचेअर मिळते का, एवढंच बघेन. सोळा तास एकाच जागी बसणं काहींना झेपत नाही, त्यांना मधला तीन-चार तासांचा थांबा बराच सुखाचा जातो.

शेवटी घड्याळ. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तिकिटावर सुटण्याची वेळ निघायच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ उतरायच्या गावची छापलेली असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढे करतात, ते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, तेवढे दिवस फरक साडेनऊ तासांचा. समजा जानेवारीत रात्री दोनला मुंबईहून विमान सुटलं आणि सोळा तास उडालं. भारतात तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले असतील, न्यूयॉर्कला त्याच तारखेची सकाळ, साडेसात. तिकिटावर नुसती वजाबाकी केली तर वाटेल साडेपाच तासांतच पोहोचलो. येताना उलट. न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघून साडेचौदा तासांनी उतरलात तर मुंबईत दुसऱ्या दिवशीची दुपार, एक वाजलेला. तिकिटावर पंचवीस तास गेलेले दिसतील. खरे तास काढायचे तर दोन्ही वेळा एकाच गावच्या घड्याळात आणा आणि मग वजाबाकी करा. तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘+१’ दिसला की तारीख बदलली असं समजायचं.

आणि आईबाबांना पाठवताना एक गोष्ट दोनदा तपासा. अमेरिकेची बरीचशी विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला बदलतो आणि बोलण्यातही आपण रात्री दीडला ‘आज रात्रीच’ म्हणतो. विमान कंपनीचा दिवस मात्र रात्री बाराला बदलतो. तिकिटावर १२ तारीख आणि ०१:३० छापलं असेल तर निघायचं ११ तारखेच्या संध्याकाळी. जेवण लवकर उरकून रात्री दहाच्या आत विमानतळावर पोहोचायचं. १२ च्या रात्री बॅगा घेऊन गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. पलीकडे घ्यायला येणाऱ्यांनाही तारीख सांगताना न्यूयॉर्कची तारीख आणि न्यूयॉर्कचीच वेळ कळवा.